इमारतीचं एनर्जी सिम्युलेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे नवख्यांचे आहेत, पुढचे मॉडेल चालवताना अडकलेल्यांचे. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. जी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली आहे तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रोग्रामचं नाव घ्यावं लागलं तिथे एनर्जीप्लस घेतलं आहे, कारण ते मोफत आहे आणि त्याचा कोड खुला आहे.

१. एनर्जी सिम्युलेशन म्हणजे नेमकं काय करतात?

इमारतीचा आकार, भिंती, छप्पर, काचा, आत किती माणसं, किती वॉटचे दिवे आणि उपकरणं, एसी किंवा हीटिंग कसलं आणि ते कधी चालतं, एवढी माहिती आणि त्या जागेचं वर्षभराचं हवामान प्रोग्रामला द्यायचं. तो वर्षाच्या ८,७६० तासांसाठी उष्णतेचा ताळेबंद मांडतो: ऊन किती आत आलं, भिंतीत किती साठलं, माणसांनी आणि यंत्रांनी किती उष्णता सोडली, हवेबरोबर किती गेली. उरलेली उष्णता काढायला किंवा कमी पडलेली भरायला किती वीज वा इंधन लागेल, हे त्यातून निघतं. एनर्जीप्लस हा हिशोब डीफॉल्ट सेटिंगला दर १० मिनिटांनी करतं.

२. आम्ही एसीचं लोड कॅल्क्युलेशन केलेलंच आहे. मग हे वेगळं कशाला?

लोड कॅल्क्युलेशन सगळ्यात वाईट दिवसाचं असतं. मशीन केवढं घ्यायचं हे त्यातून कळतं, वर्षाला किती वीज जाईल हे कळत नाही. मशीन वर्षातले बहुतेक तास अर्ध्या किंवा त्याहून कमी लोडवर चालतं. त्या तासांत ते कसं वागतं यावर बिल ठरतं, आणि ते पाहायला पूर्ण वर्षच चालवावं लागतं.

३. प्रकल्पाच्या कोणत्या टप्प्यावर सिम्युलेशन करावं?

पहिलं रेखाटन झालं की लगेच. इमारतीची दिशा, खोली किती खोल, कोणत्या बाजूला किती काच, काचेवर सावली कशाची, हे निर्णय त्याच आठवड्यांत होतात आणि नंतर कोणी बदलत नाही. या टप्प्यावर साध्या चौकोनी डब्याचं मॉडेल पुरतं. एसी सिस्टीम न मांडता ‘आयडियल लोड्स’ वापरा, म्हणजे खोलीला किती थंडावा किंवा ऊब लागते एवढंच निघेल. पर्यायांची तुलना तेवढ्यावर नीट होते.

ड्रॉइंग पक्की झाल्यावर केलेलं मॉडेल काचेचा प्रकार आणि मशीन निवडायला उपयोगी पडतं, ग्रीन बिल्डिंगच्या प्रमाणपत्रालाही लागतं. पण तोवर मोठी बचत हातातून गेलेली असते. एकदाच सिम्युलेशन करायचे पैसे असतील तर ते सुरुवातीला खर्च करा, हे आमचं ठाम मत.

४. कोणतं सॉफ्टवेअर शिकावं?

इंजिन आणि त्यावरचा चेहरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनर्जीप्लस हे इंजिन अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००१ मध्ये पहिल्यांदा उपलब्ध केलं. ओपनस्टुडिओ आणि डिझाइनबिल्डर हे त्यावर बसवलेले चेहरे. ईक्वेस्टच्या पोटात जुनं डीओई-२ इंजिन आहे. ते चटकन चालतं, पण त्यात पृष्ठभागातून प्रारणाने (रेडिएशनने) थंडावा किंवा ऊब देणाऱ्या सिस्टीम (उदाहरणार्थ थंड पाण्याची छतं) नीट मांडता येत नाहीत. ट्रान्सिस हे सौर उष्णता आणि न रुळलेल्या यंत्रणांसाठी चांगलं.

अ‍ॅश्रे (एसी आणि हीटिंगच्या अभियंत्यांची अमेरिकन संस्था) हिच्या १४० क्रमांकाच्या मानकाच्या चाचण्या सॉफ्टवेअरने दिल्या आहेत का, हे जरूर पाहा. पण त्या चाचण्या इंजिनाच्या असतात. तुमच्या मॉडेलमधल्या चुकांना ते प्रशस्तिपत्र नव्हे.

५. वेदर फाइल कुठली घ्यावी? गेल्या वर्षीचं हवामान चालेल का?

कामावर अवलंबून आहे. डिझाइनच्या तुलनेसाठी ‘टिपिकल’ वर्षाची फाइल घ्यायची. ती एका खऱ्या वर्षाची नसते: अनेक वर्षांतून सरासरीला सर्वांत जवळचा जानेवारी, तसाच फेब्रुवारी, असे बारा महिने वेगवेगळ्या वर्षांतून उचलून जोडलेले असतात. त्यामुळे तिच्यात टोकाची उष्णतेची लाट सहसा नसते. मशीनचा आकार या फाइलवरून ठरवू नका, त्यासाठी डिझाइन-डे, म्हणजे त्या जागेचा कडक उष्ण किंवा थंड दिवस, वापरा. बिलांशी जुळवायचं असेल तर मात्र त्याच काळाचं खरं हवामान हवं (प्रश्न १७).

फाइल उघडून अक्षांश, रेखांश आणि टाइम झोन तपासा. रेखांशाचं चिन्ह चुकलं की सूर्य भलत्याच वेळी उगवतो आणि पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांचे आकडे बिघडतात. मॉडेल एरर न देता बिनबोभाट चालत राहतं. बहुतेक फाइली विमानतळावरच्या केंद्रांच्या असतात. दाट वस्तीतल्या रात्री त्याहून उबदार असतात, म्हणून रात्रीच्या वाऱ्याने इमारत थंड करायचा बेत असेल तर हा फरक गृहीत धरा.

६. प्रत्येक खोलीचा वेगळा झोन करायचा का?

नाही. झोन म्हणजे मॉडेलमध्ये एकच तापमान धरलेला इमारतीचा भाग. ज्या खोल्यांचा वापर, थर्मोस्टॅटचं सेटिंग आणि उन्हाची दिशा सारखी, त्या एका झोनमध्ये घाला. मोठ्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीपासून साधारण ४.५ मीटरचा पट्टा दिशेनुसार वेगळा आणि मधला गाभा वेगळा, ही रुळलेली पद्धत. सगळा मजला एकच झोन केला तर पश्चिमेचं ऊन आणि उत्तरेचा गारवा मॉडेलमध्ये एकमेकांत मिसळून जातात. प्रत्यक्षात तसं होत नाही, आणि लोड कमी दिसतो.

एकसारखे मजले असतील तर तळचा, मधला आणि वरचा असे तीनच काढून मधल्याला गुणक द्या.

७. भिंतीची यू-व्हॅल्यू कशी काढायची आणि ती प्रोग्राममध्ये कशी भरायची?

यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना दर चौ. मीटरमधून किती वॉट उष्णता जाते तो आकडा. प्रत्येक थराची जाडी (मीटरमध्ये) भागिले त्याची उष्णतावाहकता म्हणजे त्या थराचा रोध. सगळे रोध मिळवा, आतल्या पृष्ठभागाच्या हवेचे ०.१३ आणि बाहेरच्या हवेचे ०.०४ त्यात घाला, आणि १ ला त्या बेरजेने भागा.

समजा २०० मिमी विटांची भिंत (वाहकता ०.८) आणि दोन्हीकडे १२ मिमी प्लास्टर (०.७२). रोध ०.२५ अधिक ०.०३३ अधिक ०.१७, म्हणजे ०.४५३. यू-व्हॅल्यू आली २.२ वॉट प्रति चौ. मी. केल्विन. त्यावर ०.०३५ वाहकतेचं ५० मिमी इन्सुलेशन चढवलं की रोध १.४३ ने वाढतो आणि यू-व्हॅल्यू ०.५३ वर येते.

एनर्जीप्लसमध्ये भरताना फक्त घन थर भरा. पृष्ठभागाच्या हवेचा रोध ते स्वतः काढतं. तुम्ही तो थर म्हणून घातलात तर दोनदा धरला जातो. थर बाहेरून आत या क्रमाने लिहायचे. क्रम उलटला तर यू-व्हॅल्यू तीच राहते, पण इन्सुलेशन आणि जड भिंत यांची जागा बदलते. भिंत उष्णता साठवून ठेवते तो परिणाम खोटा येतो आणि यू-व्हॅल्यू पाहून चूक कळत नाही.

थर्मल ब्रिज, म्हणजे इन्सुलेशन तुटून उष्णता सहज निसटते त्या जागा, वेगळे धरावे लागतात. काँक्रीटची बाल्कनी इन्सुलेशन फोडून बाहेर जात असेल आणि त्या सांध्यातून दर मीटरला ०.८ वॉट प्रति केल्विन उष्णता जात असेल, तर १० मीटर बाल्कनी म्हणजे ८ वॉट प्रति केल्विन. वरच्या इन्सुलेटेड भिंतीच्या सुमारे १५ चौ. मीटरइतकी ही गळती आहे. मॉडेलमध्ये त्या प्रमाणात भिंतीची यू-व्हॅल्यू वाढवा.

८. काचेचे कोणते आकडे लागतात?

तीन: यू-व्हॅल्यू, एसएचजीसी (सूर्याच्या उष्णतेतला किती हिस्सा आत येतो) आणि दृश्य प्रकाशाचं प्रमाण. २ चौ. मी. खिडकीवर समोरून ५०० वॉट प्रति चौ. मी. ऊन पडत असेल तर ०.६ एसएचजीसीला आत ६०० वॉट येतात, ०.२५ ला २५० वॉट. कंपनीच्या पत्रकातले आकडे पुष्कळदा काचेच्या मध्यभागाचे असतात. धातूच्या चौकटीची यू-व्हॅल्यू त्याहून बरीच वाईट असू शकते, म्हणून पूर्ण खिडकीचा आकडा मागून घ्या.

९. शेड्यूल कशी भरावीत? प्रोग्राममध्ये तयार असतात ती चालतील का?

शेड्यूल म्हणजे माणसं, दिवे, उपकरणं कोणत्या तासाला किती प्रमाणात चालू याचं वेळापत्रक. तयार शेड्यूल तुलनेला चालतील. खऱ्या वापराचा अंदाज हवा असेल तर नाही. मॉडेलमधला सर्वांत जास्त वेळ इथे घालवा. भिंतीचा प्रत्येक खाचखळगा काढत बसण्यापेक्षा याचा परिणाम कितीतरी मोठा असतो.

कार्यालयाचं उदाहरण घ्या. १,००० चौ. मीटर, उपकरणांचा लोड १० वॉट प्रति चौ. मी., म्हणजे १० किलोवॉट. आठवड्याचे १६८ तास, त्यातले ५० कामाचे. कामाच्या वेळी ०.९ गुणक धरला तर ४५० किलोवॉट-तास होतात. उरलेल्या ११८ तासांना ०.०५ गुणक धरला तर ५९ किलोवॉट-तास. पण संगणक, सर्व्हर, पाण्याची मशीन चालूच राहून खरा गुणक ०.४ असेल, तर तेच ४७२ होतात, कामाच्या वेळेपेक्षाही जास्त! ही सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होते, त्यामुळे एसीचाही हिशोब बदलतो.

म्हणून इमारत उभी असेल तर मुख्य पॅनेलवर दोन आठवडे दर १५ मिनिटांची नोंद घ्या. रात्री ३ वाजताचा आकडा एकटाच पुष्कळ सांगून जातो. इमारत व्हायची असेल तर तशाच वापराच्या दुसऱ्या इमारतीची नोंद मिळवा.

माणसांसाठी, बसून हलकं काम करणारा माणूस साधारण १३० वॉट सोडतो, त्यातले अंदाजे ७५ कोरडी उष्णता आणि ५५ बाष्पातून. ताजी हवा माणसांच्या शेड्यूलशी जोडली आहे का तेही पाहा. कोणी नसताना पूर्ण ताजी हवा चालू ठेवलेली मॉडेलं वारंवार दिसतात.

१०. हवेची गळती किती धरावी?

ब्लोअर डोअर चाचणी झाली असेल तर ५० पास्कलला तासाला किती वेळा हवा बदलते तो आकडा घ्या. लहान घरांसाठी त्याला २० ने भागून नेहमीची गळती काढायचा ढोबळ नियम आहे. उंच इमारतीला तो लावू नका. तिथे तापमानाच्या फरकाने हवा खालून वर खेचली जाते आणि गळती मजल्यागणिक बदलते. चाचणी नसेल तर कमी आणि जास्त अशा दोन आकड्यांनी मॉडेल चालवा. उत्तर फारसं हललं नाही तर पुढे चला.

११. एसी सिस्टीम मांडताना कुठे चुकतं?

पहिली जागा पंखा. पत्रकातला सीओपी (एका युनिट विजेमागे किती युनिट थंडावा मिळतो तो आकडा) बहुतेक वेळा आतल्या पंख्याची वीज धरून दिलेला असतो. एनर्जीप्लसला पंखा वगळून सीओपी आणि पंख्याची उष्णता वजा न केलेली क्षमता हवी असते. पत्रकातला आकडा तसाच भरला आणि पंखा वेगळा मांडला, तर पंखा दोनदा मोजला जातो.

पंख्याची वीज हाताने तपासता येते: हवेचा प्रवाह गुणिले दाब भागिले कार्यक्षमता. सेकंदाला १ घनमीटर, ५०० पास्कल, ०.६ कार्यक्षमता म्हणजे ८३३ वॉट. वेग ८०% केला की घनाच्या नियमाने वीज ५१% व्हायला हवी. पण डक्टमध्ये ठरावीक दाब राखायचा असेल तर एवढी बचत कधीच होत नाही, म्हणून नुसता घनाचा वक्र भरू नका.

दुसरी जागा अर्ध्या लोडचे वक्र. दुसऱ्याच प्रकारच्या मशीनचा वक्र उचलला की वर्षाचा आकडा भरकटतो. निर्मात्याकडून २५, ५०, ७५ आणि १०० टक्क्यांचे आकडे मागा.

१२. मॉडेल एररशिवाय चाललं. म्हणजे ते बरोबर आहे ना?

असं नाही. एरर नसणं म्हणजे प्रोग्रामला भाषा कळली, एवढंच. एरर फाइलमधल्या ‘सीव्हिअर’ ओळी तर सोडाच, ‘वॉर्निंग’ही वाचा. त्यानंतर या तपासण्या करा.

क्षेत्रफळ आणि काचेचं प्रमाण ड्रॉइंगशी ताडा. दिव्यांचा वार्षिक आकडा हाताने काढा: ८ वॉट प्रति चौ. मी. आणि पूर्ण लोडचे २,५०० तास म्हणजे २० किलोवॉट-तास प्रति चौ. मी. मॉडेल ४० म्हणत असेल तर शेड्यूल चुकलं आहे. पूर्व आणि पश्चिम खिडक्यांतून येणाऱ्या उन्हाचा एका स्वच्छ दिवसाचा आलेख पाहा. पूर्वेचा सकाळी, पश्चिमेचा दुपारनंतर वर जायला हवा. न गेल्यास उत्तर दिशेचा कोन किंवा वेदर फाइल (प्रश्न ५) तपासा.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे दोन झोनमधली भिंत एकमेकींशी न जुळणं. मग प्रोग्राम दोन्ही बाजू उघड्यावर आहेत असं समजतो आणि गाभ्यातल्या खोलीवर ऊन पडतं. पृष्ठभागांचा रंग त्यांच्या हद्दीनुसार दाखवणारं चित्र उघडलं की ही चूक एका नजरेत सापडते.

१३. ‘अनमेट अवर्स’ खूप येतात. सेटपॉइंट सैल करू का?

करू नका, कारण शोधा. अनमेट अवर्स म्हणजे खोली ठरवलेल्या तापमानाला (सेटपॉइंटला) पोचली नाही असे तास. ते सकाळच्या पहिल्या तासातच येत असतील तर एसी लोक येण्याआधी तासभर चालू करा. एकाच झोनमध्ये येत असतील तर तिथे हवा कमी पोचते किंवा झोन चुकीचा पाडला आहे. वर्षभर विखुरलेले असतील तर मशीन लहान आहे किंवा दोन शेड्यूलांची वेळ जुळत नाही. इमारतींच्या ऊर्जावापराचं मानक असलेल्या अ‍ॅश्रे ९०.१ च्या परिशिष्ट जी मध्ये वर्षाला ३०० तासांची मर्यादा आहे. खोली थंडच न करणारं मॉडेल वीज कमी दाखवणारच, त्याला बचत म्हणता येत नाही.

१४. प्रत्येक उपायाची बचत वेगळी काढली, पण एकत्र केल्यावर बेरीज जुळत नाही. का?

उपाय एकमेकांच्या वाट्याची बचत खातात. दिवे कमी वॉटचे केले की खोलीतली उष्णता घटते, एसीचा लोड उतरतो, मग चांगल्या एसीला वाचवायला कमी उरतं. उलट थंडीत हीटिंग वाढतं. आधी लोड कमी करणारे उपाय (सावली, काच, इन्सुलेशन, दिवे), मग पंखे-पंप, शेवटी मशीन, असा क्रम ठेवा. अंतिम आकडा नेहमी सगळे उपाय एकत्र चालवूनच सांगा.

१५. इन्सुलेशन वाढवलं आणि वीज वाढली! मॉडेल बिघडलं का?

बहुतेक वेळा मॉडेल खरं बोलत असतं. आत माणसं आणि यंत्रं भरपूर, बाहेर हवा मध्यम गार: अशा इमारतीला रात्री आणि सौम्य दिवसांत भिंतीतून उष्णता बाहेर जाऊ देणं फायद्याचं असतं. जाड इन्सुलेशन ती वाट बंद करतं आणि एसीला ते काम करावं लागतं.

खात्री करायला महिन्यांचे आकडे वेगळे काढा. वाढ सौम्य महिन्यांत आणि घट कडक महिन्यांत दिसली तर निकाल भौतिकदृष्ट्या योग्य आहे. मग बाहेरची गार हवा आत घेणारा इकॉनॉमायझर किंवा रात्रीचं वायुवीजन मॉडेलमध्ये घालून पुन्हा चालवा. सहसा इन्सुलेशनचा फायदा परत येतो. वाढ सगळ्याच महिन्यांत असेल तर थरांचा क्रम (प्रश्न ७) आणि मशीनचा आपोआप ठरलेला आकार तपासा.

१६. बेसलाइन इमारत म्हणजे काय? आपल्या मनाने ठरवली तर चालेल?

प्रमाणपत्रासाठी नाही. बेसलाइन म्हणजे त्याच आकाराची, त्याच वापराची, पण मानकातल्या किमान गोष्टी असलेली इमारत. परिशिष्ट जी मध्ये ती मूळ दिशेला आणि ९०, १८०, २७० अंशांत फिरवून चार वेळा चालवतात आणि सरासरी घेतात, म्हणजे चांगल्या दिशेचं श्रेय डिझाइनला मिळतं. तिच्या मशीनचा आकार कूलिंगला १५% आणि हीटिंगला २५% वाढवून घ्यायचा असतो. शेड्यूल दोन्हीकडे सारखी ठेवा.

१७. मॉडेलचा आकडा खऱ्या बिलाशी जुळत नाही. कसा जुळवायचा?

आधी फरक कशाचा ते ओळखा. डिझाइनचं मॉडेल टिपिकल हवामान आणि गृहीत वापरावर असतं, त्यामुळे ते बिलाशी जुळावं ही अपेक्षाच चूक. उभ्या इमारतीचं मॉडेल जुळवण्याचा क्रम असा: त्याच काळाचं हवामान घाला, महिन्यांऐवजी मीटर वाचल्याच्या खऱ्या तारखा घ्या, नोंदीवरून शेड्यूल बदला (प्रश्न ९), थर्मोस्टॅट आणि ताज्या हवेचे झडप प्रत्यक्ष कसे लावले आहेत ते पाहा, गळतीला सर्वांत शेवटी हात लावा, कारण ती कोणी मोजलेली नसते आणि तिच्या आड बाकी चुका लपवता येतात. एका वेळी एकच आकडा बदला आणि तो कशावरून बदलला ते लिहून ठेवा.

अ‍ॅश्रे गाईडलाइन १४ प्रमाणे मासिक आकड्यांत सरासरी चूक ±५% आणि चढउताराची चूक (सीव्ही-आरएमएसई) १५% च्या आत हवी. तासागणिक आकड्यांत ±१०% आणि ३०%. फक्त पहिल्यावर विसंबू नका. उन्हाळ्यात १५% जास्त आणि हिवाळ्यात १५% कमी आलं तर सरासरी चूक शून्याजवळ दिसते.

१८. सगळे पर्याय एकदम चालवून सर्वोत्तम शोधता येईल का?

सहा गोष्टींना प्रत्येकी चार पर्याय दिले तर ४,०९६ वेळा मॉडेल चालवावं लागतं. त्याआधी प्रत्येक गोष्ट एकेकटी कमी-जास्त करून पाहा. निकाल कशाने हलतो ते कळतं आणि बहुधा दोन-तीनच गोष्टी उरतात. शोध त्यांच्यातच घ्या.

१९. जमिनीला टेकलेल्या फरशीचं तापमान काय भरायचं?

वेदर फाइलमध्ये जमिनीची तापमानं असतात, पण ती उघड्या, अस्पर्श जमिनीची असतात. एसी असलेल्या इमारतीखालची जमीन तिच्यामुळेच बदलते. ते आकडे थेट भरले तर फरशीतून जाणारी उष्णता फार चुकते. काहीच भरलं नाही तर एनर्जीप्लस वर्षभर १८ अंश धरतं. मोठ्या इमारतीला आतल्या सरासरी तापमानाहून सुमारे २ अंश कमी, हा कामचलाऊ आकडा बरा. लहान किंवा एकमजली इमारतीला किव्हासारखं जमिनीचं वेगळं गणित वापरा, कारण तिथे फरशीच्या कडेचा वाटा मोठा असतो.

२०. उष्णता शोषून वितळणारं साहित्य (पीसीएम) भिंतीत घातलं, पण निकालात काहीच फरक नाही. असं कसं?

नेहमीची गणनपद्धत साहित्याचे गुणधर्म स्थिर मानते, त्यामुळे वितळणं तिला दिसतच नाही. भिंतीसाठी ‘कंडक्शन फायनाइट डिफरन्स’ पद्धत निवडा आणि तासाचे निदान २० टप्पे करा, म्हणजे ३ मिनिटांचा टप्पा. मॉडेल बरंच हळू चालेल, म्हणून आधी एकाच खोलीवर करून पाहा. तरीही फरक दिसला नाही तर खोलीचं तापमान वितळणबिंदू ओलांडून रात्री पुन्हा खाली येतं का ते आलेखात बघा. चोवीस तास २४ अंशांवर ठेवलेल्या खोलीत २६ अंशांना वितळणारं साहित्य कधी वितळणारच नाही.